तासाभराच्या वाटेवर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला सुट्टी असते, पण दावणीला बांधलेली. कुठे लिफ्ट अडकली की कंपनीचा फोन येणार आणि त्याने तासाभरात हजर व्हायचं. शहराच्या एका भागाला तो एकटाच नेमलेला. त्यामुळे सहलीचा विषय निघाला की घरात आधी परतीच्या वाटेचा हिशेब व्हायचा. कधी तलाव, कधी टेकडीखालची बाग, फिरून पुन्हा तलाव.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," डबे भरता भरता बायको म्हणायची. तोही हसायचा.

लेक शिकायला परगावी निघणार होती. त्याआधीच्या रविवारी बायको म्हणाली, "आज डोंगर ओलांडून समुद्रावर जाऊ या. रोज थोडंच कोणी अडकतं?"

त्यालाही ते हवंच होतं. त्याने गाडी डोंगराकडे वळवली.

दुपार कलली. लेक गुडघाभर पाण्यात उभी होती आणि फोन वाजला. ओळखीच्या इमारतीचा वॉचमन होता.

"चौथ्या मजल्यावरच्या आजी आत अडकल्यात. एकट्याच आहेत. घाबरल्यात फार. अग्निशमनवाल्यांना बोलवू का?"

ते आले असते तर हा कुठे होता, हे कंपनीला कळलं असतं. तो म्हणाला, "नको. मी जवळच आहे. आलोच."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तिने चटई झटकली.

डोंगर उतरले तर पुढे गाड्यांची रांग. अख्खं शहर एका दिवसाची हवा खाऊन घरी परतत होतं. मागच्या काचेतून मुलं एकमेकांना वाकुल्या दाखवत होती. तो हॉर्न वाजवत राहिला. वॉचमनचा पुन्हा फोन आला.

"आतून आवाज येत नाही हो."

तेव्हा कुठे तो म्हणाला, "बोलवा त्यांना."

तो पोचला तोवर दार फोडून झालं होतं. आजींना जिन्यापाशी तोंडावरून चादर ओढून ठेवलं होतं. हृदय आधीच दुबळं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आजींच्या मुलाने याचा हात हातात घेतला. "तुम्ही सुट्टी सोडून धावत आलात," तो म्हणाला. याने मान हलवली.

घरी आल्यावर बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली. "मीच हट्ट धरला. नसता धरला तर बाई जगली असती."

'नको' कोण म्हणालं, ते तिने वाळूत त्याच्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं. तरी तिने तो शब्द काढला नाही. तुझा काय दोष, एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं. त्याने हात धुतले आणि पानावर बसला.

लेक गेली. गाडी दारात धूळ खात राहिली. अधूनमधून जेवताना बायको म्हणते, "मीच नेलं तुम्हाला तिकडे." तो ताटातलं संपवतो आणि उठतो.