तलावाच्या तीन चकरा

पाडव्याला कडुनिंबाचा पाला तोंडात घातला की बायको मला एखादी गोष्ट कबूल करायला लावायची. तोंड कडू असलं की माणूस भांडत नाही, असं तिचं म्हणणं. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिनं एकदम तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. तंबाखू सोडायची, लोणचं-पापड बंद, आणि रोज सकाळी नागपुरातल्या शुक्रवारी तलावाला एक चक्कर मारायची.

त्याला कारण होतं. होळीच्या आधी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसलो होतो, तिथंच भोवळ येऊन आडवा झालो. डॉक्टरनं रक्तदाब सांगितला, गोळ्या लिहून दिल्या, आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून बायकोशी काहीतरी बोलला. काय बोलला ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिथंच चुकलो.

"एक चक्कर मारून या जी," ती सकाळी उठवून म्हणायची.

"मी का घोडा आहे?"

"घोडा असता त चाऱ्यावर भागलं असतं. तुमाले त दोन भाज्या लागतात."

मी जायचो. तलावाला एक वेढा घालून तासाभरानं परत यायचो आणि मागावर बसायचो.

आमचं घर कोष्ट्याचं. मी नऊवारी लुगडी विणायचो. आडवा धागा ज्या बोटाएवढ्या नळीवर गुंडाळलेला असतो तिला कांडी म्हणतात. ती धोट्यात बसवली की धोटा इकडून तिकडं पळतो. रहाट फिरवून कांड्या भरायचं काम घरच्या बाईचं. ती भरायची, मी विणायचो, बत्तीस वर्षं. तिचा हात काही फार चांगला नव्हता. तिची कांडी शेंड्याला फुगीर असायची. निम्मी संपली की धागा ढिला सुटायचा आणि मी मागावरून ओरडायचो. पण ओळख मात्र पक्की. डोळे बांधून हजार कांड्यांत बायकोची कांडी काढून दाखवीन, असं मी गल्लीत चार माणसांत म्हणालेलो आहे.

आषाढाच्या सुमारास कांड्या एकदम सुधारल्या. घट्ट, सरळ, शेवटपर्यंत एकसारख्या सुटणाऱ्या. मी तिला हाक मारून म्हणालो, "तीस वर्षांनी कुठं तुह्या हाताले वळण लागलं."

"बुढेपणी शिकली जी," ती म्हणाली. "मास्तर भल्ला कडक होता."

मी हसलो. गल्लीतही सांगितलं की आमची बुढी सुधारली.

दिवाळी झाल्यावर ती म्हणाली, एका चकरेनं काही होत नाही, आता दोन मारा. संक्रांतीनंतर तीन झाल्या. मी कुरकुर करत केल्या. पोट आत गेलं, झोप लागायला लागली. तलावावरचे म्हातारे म्हणायचे, हा जवान होऊन राहिला. मला गर्व वाटला, खोटं कशाला सांगू. ती मात्र ऑक्टोबरच्या उन्हातही पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून बसायची. थंडी वाजते म्हणायची. मी म्हणालो, "मग तुलेच नेतो डॉक्टरकडं." ती म्हणाली, "पहिले तुमी नीट व्हा." मी एवढ्यावर गप्प बसलो आणि मागावर जाऊन बसलो.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी मी तिसरी चक्कर संपवून घरी आलो तर ती गेली होती. माझ्या धाकट्या भावाची बायको तिच्या उशाशी बसलेली होती. मला पाहून तिनं पदर ओढला आणि मागच्या दारानं निघून गेली. आमच्यात रीतच तशी, धाकट्या भावाची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. त्यात आमच्या दोन घरांत भिंत होती. भावानं आपला हातमाग मोडून लाकडं चुलीत घातली आणि पावरलूमवर कामाला गेला, तेव्हा रागानं मीच ती भिंत घातली होती आणि बायकोला बजावलं होतं की त्या घरात पाय ठेवायचा नाही. मला वाटलं, रडण्याचा आवाज ऐकून ती धावत आली असेल. विचार केला नाही की रडायला घरात दुसरं होतं कोण.

तेरवी झाली. मी मागावर बसलो. बसून करणार काय, दुसरं काही येत नाही. टोपलीत कांड्या होत्या त्या वापरत गेलो. चार दिवसांत टोपली संपायला पाहिजे होती. पाचव्या दिवशीही भरलेली. सहाव्या दिवशीही. मी एक कांडी हातात घेऊन बोट फिरवलं. घट्ट, सरळ, शेंड्याला फुगवटा नाही. आषाढापासून जो हात मी वाखाणत होतो तोच हात. माझी बायको जळून तीन आठवडे झाले होते आणि हात अजून काम करत होता.

मी उमरेडला दिलेल्या मुलीला पोस्टकार्ड टाकलं. ती एसटीनं आली. मी तिच्यापुढं टोपली ठेवली.

"या कोण भरते?"

"आईच्या भरलेल्या असतील बाबा."

"मी कोष्टी आहे वं. मले नको शिकवू."

तिनं एक कांडी उचलून परत टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "काकू भरते. आषाढापासून काकूच भरते."

मग सगळं निघालं. आईच्या उजव्या छातीत गाठ होती. हात खांद्यापासून सुजला होता, रहाट फिरत नव्हता. मुलीकडं आठ दिवस आरामाला जाते म्हणून जी गेली होती, ती उमरेडला गेलीच नव्हती, मुलगी तिला नागपुरातल्याच मोठ्या दवाखान्यात घेऊन फिरली होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. पुढं गाठ फुटली. मी तलावावर गेलो की काकू मागच्या दारानं यायची, जखम धुऊन पट्टी बांधायची, भरलेल्या कांड्यांची टोपली ठेवून रिकामी घेऊन जायची. जखम मोठी होत गेली तसा पट्टीला वेळ लागायला लागला. म्हणून दोन चकरा. म्हणून तीन.

"पण रहाटाचा आवाज यायचा मले," मी म्हणालो. "रोज यायचा."

मुलगी खाली पाहून म्हणाली, "रिकामा फिरवे आई. डाव्या हातानं. तुमाले ऐकू यावं म्हणून."

"मले काहून नाही सांगितलं?"

"डॉक्टर म्हणाले होते, बाबाले धक्का देऊ नका, दुसऱ्या खेपेले वाचणार नाहीत. आईनं आमाले शपथ घातली."

ज्याला ही गोष्ट कळते तो म्हणतो, केवढा जीव होता तिचा तुमच्यावर. मी म्हणतो, मला फसवलं. तीन बायांनी आणि एका डॉक्टरनं मिळून फसवलं. माझ्या पानात मीठ कमी वाढायची, गोळी घेतली का विचारायची, आणि पदराखाली तिचं अंग सडत होतं. मला दवाखान्याच्या बाकावर एक दिवस तिच्याजवळ बसू दिलं नाही. तिची जखम मी धुतली असती. मला किळस आली नसती. आली असती तरी धुतली असती. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर हात हलवत चाललो होतो आणि मनात म्हणत होतो की आज दम लागला नाही. हे मी कुणाला सांगू?

आणि मी मोठा ओळखणारा. हजार कांड्यांत एक काढणारा.

त्या दिवशीच मी पानठेल्यावर जाऊन तंबाखू घेतली. तलावावर जाणं सोडलं. लोणच्याची बरणी उघडली. भूक नव्हती, रागानं खाल्लं. गोळ्या सकाळी नालीत टाकायला लागलो. भिंतीपलीकडून टोपली यायची ती पायानं बाहेर सरकवायचो. महिनाभर ती येत राहिली आणि मी सरकवत राहिलो, मग यायची बंद झाली. कांड्या स्वतः भरल्या. त्या बायकोच्यापेक्षा वाईट निघाल्या, पण ओरडायचं कुणावर?

दसऱ्यापासून माझ्या डाव्या हाताची दोन बोटं बधीर झाली. पुढं तिसरं. धोटा हातातून निसटायला लागला. दोनदा भोवळ आली. मी कुणालाही सांगितलं नाही. मुलीला पोस्टकार्डावर लिहायचो, मी मजेत आहे. आता तुमची पाळी, असं मनात होतं. एक दिवस येऊन पाहाल आणि कळेल की बाप चार-पाच महिने मरत होता आणि कागदावर मजेत होता. मागून कळणं म्हणजे काय ते तुम्हालाही कळू द्या. गेलं वर्ष मी असं काढलं. यापेक्षा चांगलं वर्ष काढलं असं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

वर्षश्राद्धाला मुलगी आली. स्वयंपाकाला घरची बाई पाहिजे म्हणून भिंतीपलीकडून काकूही आली आणि रांधणीच्या दाराआड बसली. बामण जेवून गेला, पानं उचलली, आणि मुलीनं विचारलं, "बाबा, तब्येत कशी आहे?"

"चांगली आहे. मले काय धाड भरली?"

रांधणीतून आवाज आला, "सांग वं तुह्या बाबाले, डाव्या हातानं पाण्याचा गिलास उचलून दाखवा म्हणा."

इतक्या वर्षांत मी तो आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. मी मुलीकडं पाहून म्हणालो, "तुह्या काकूले सांग, कोणाची तब्येत लपवायची अन् कोणाची दाखवायची हे ठरवणारी ती कोण?"

"सांग त्याहीले, लपवली म्हणा. आठ महिने लपवली. माह्या जाऊनं पाय धरले होते माहे. पण ज्याच्यासाठी लपवली तो गोळ्या नालीत टाकते. नाली मीच झाडते म्हणा, मले दिसत नाही का?"

"तुह्या काकूले सांग, नालीतलं पाहायचं काम नाही तिचं."

"मग कोणाचं आहे, विचार."

मुलगी दोघांच्या मधात उभी होती. ती म्हणाली, "मी का पोस्टमन आहे? तुमी दोघं एका घरात बसून राहिले नं?"

मग मुलगी माझ्यापुढं बसली, माझा डावा हात मांडीवर घेतला आणि करंगळीला चिमटा काढला. "हे समजते?" मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो म्हणून मला कळलं की चिमटा काढला. बोटाला कळलं नाही. तिनं दुसरं बोट दाबलं, तिसरं दाबलं. तिचं तोंड पांढरं पडत गेलं.

हेच तोंड पाहायला मी चार-पाच महिने गप्प बसलो होतो. पाहिलं. काही गोड लागलं नाही. ती आपल्या आईसारखी ओठ दाबून रडत होती आणि माझा हात सोडत नव्हती.

मी रांधणीच्या दाराकडं तोंड केलं आणि जन्मात पहिल्यांदा भावाच्या बायकोशी सरळ बोललो. "आजपासून माह्याबद्दल डॉक्टर जे बोलन ते पहिले मले कळलं पाहिजे. मधात कोणी पडायचं नाही. मले धक्का बसून मेलो त चालते. पण मले फसवायचं नाही."

मग ती म्हणाली, मुलीला मधात न घेता, "अन् तुमाले काही झालं त?"

"मी सांगीन."

"सांगान?"

"सांगीन म्हटलं नं."

"मग सांगा."

मी सांगितलं. दसऱ्यापासूनची बोटं, दोन्ही भोवळी, एक नहाणीत आली होती तीही. गोळ्या, तंबाखू, पोस्टकार्डावरचं खोटं. दाराआड ती हूं म्हणत होती, जसं हिशोबी माणूस म्हणतो, म्हणजे एकही गोष्ट सुटू नये.

वर्ष पालटलं की लोक बरंच ठरवतात. मी एवढंच ठरवलं. कसा आहेस विचारलं तर आहे तसं सांगायचं, आणि तसंच ऐकायचं. तंबाखू कमी केली आहे, सुटली नाही. गोळ्या घेतो. तलावावर अजून गेलो नाही आणि जाईन असं कबूल करत नाही. भावाशी बोलणं अजून अडलेलं आहे. बायकोला मी माफ केलं नाही. ती असती तर भांडलो असतो, आणि ते भांडण मला पाहिजे आहे.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी रिक्षानं दवाखान्यात गेलो. मुलगी माझ्याजवळ बसली, काकू पदर ओढून दाराशी उभी राहिली. डॉक्टर नवीन होता, पोरगेलाच. त्यानं दाब पाहिला, बोटं टोचली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग मुलीला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर या, बोलायचं आहे."

मुलगी सवयीनं उठली. माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली बसली. "बाबासमोर बोला," ती म्हणाली.

मी म्हणालो, "साहेब, रोगी मी आहे. इकडं पाहून सांगा."

त्यानं सांगितलं. लकव्याचा एक लहान झटका येऊन गेला आहे. मोठा येऊ शकतो, कधी ते सांगता येत नाही. बोटं पूर्ण सुधारतील असं दिसत नाही. तंबाखू आजच्या आज बंद. मागावर बसणं आता होणार नाही.

दाराशी काकू हुंदके देत होती. मुलीनं माझं मनगट धरलं होतं. माग सुटला हे ऐकून मला काय वाटलं ते मी इथं लिहीत नाही, ते ज्याचा सुटला त्यालाच कळेल. कानात घूं घूं होत होतं आणि निम्मं मला समजलं नव्हतं.

मी म्हणालो, "अजून एकदा सांगा. हळू सांगा."

त्यानं खुर्ची माझ्याकडं ओढली आणि पहिल्यापासून सांगायला लागला.