चौथ्या क्रमांकाचा विजेता

कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर मला निरोप द्यायला आमची सगळी तालीम, म्हणजे पेठेचा सारा फुटबॉल संघ, आला होता. माझी ट्रंक संघातल्या धाकट्या बापूने शेवटपर्यंत खांद्यावरून उतरू दिली नाही. वडील पेठेतल्या सामन्यांचे पंच. त्यांनी एवढेच सांगितले, "आपल्या पोरांविरुद्ध पेनल्टी द्यायला हात कचरला, की शिट्टी खाली ठेवायची." तुम्ही पाठवलेल्या तालमीच्या नव्या स्मरणिकेत हा निरोप नीट उतरला आहे. पुढचे सारे खोटे आहे.

स्मरणिका म्हणते, पराभव न सोसल्यामुळे मी आखातातली स्पर्धा-समिती सोडली. पेठेत मी इतके सामने हरलो आहे की त्याची भीती केव्हाच मेली. घडले ते असे.

रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. दोन वर्षांनी बापूला मीच व्हिसा मिळवून दिला. चार महिने तो माझ्या खोलीत राहिला, मग दुबईच्या एका बड्या कंत्राटी कंपनीत जाऊन तिच्या संघाचा मॅनेजर झाला. कामगारांची स्पर्धा आम्ही दोघांनी मिळून उभी केली. प्रत्येक अमिरातीच्या लीगचा विजेता, आणि फक्त विजेता, अंतिम फेरीत. पुढे युरोपाने आपल्या मोठ्या स्पर्धेत बड्या देशांच्या लीगमधल्या उपविजेत्यांना दार उघडले, नंतर तिसऱ्या-चौथ्यांनाही. लहान देशांचे विजेते मात्र पात्रता फेरीच्या रांगेत. बापूने दुबईच्या बैठकीत तेच मांडले: दुबईचे चार संघ थेट, रास अल खैमा आणि उम्म अल कुवैनच्या विजेत्यांनी आधी पात्रता सामना जिंकावा.

"अण्णा, युरोपात बघा की. लोकांना मोठ्या टीम बघायच्या असतात, स्पॉन्सरपण त्यांनाच."

"आणि आम्ही जिंकलेली लीग?"

"ती छोटी हाय, अण्णा. यल्ला, चला, हात वर करा, खलास करू."

सर्वांत आधी त्याचाच हात वर गेला.

आमच्या कारखान्याच्या संघाचा कर्णधार अन्वर, केरळचा, भट्टीवरचा कामगार. नियम ऐकून तो म्हणाला, "साब, चॅम्पियन तो हम है ना? फिर इम्तिहान हमारा क्यूँ?" पात्रता सामना ठेवला मंगळवारी दुपारी. तिघांना रजा मिळाली नाही. आमचे आठ जण त्या उन्हात खेळले आणि एका गोलने हरले. दुबईच्या लीगमध्ये चौथा आलेला बापूचा संघ चषक घेऊन गेला. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला.

एक गोष्ट स्मरणिकेत नाही, आणि बापूनेही ती कुणाला सांगितलेली दिसत नाही. त्याच्या आदल्या वर्षी ठराव आला होता: दुबई आणि रास अल खैमाचे उपविजेतेही घ्यावेत, उम्म अल कुवैनचा मात्र नको. त्या वर्षी आम्ही दुसरे आलो होतो. मी हात वर केला. उम्म अल कुवैनचा मॅनेजर माझ्याकडे पाहत राहिला. मी हात खाली घेतला नाही.

तुम्ही पत्रात विचारता, अण्णा गावी कधी परतणार? तालमीत बापूचा चषकासह फोटो लावला आहे, असे कळते. तो उतरवा, असे मी म्हणणार नाही. त्याखाली 'लीगमध्ये चौथा' एवढे लिहा, आणि शेजारी माझ्या नावासह मी हात वर केलेला तो ठरावही लिहा. इथे मला सगळे साहेब म्हणतात. माझे चुकले हे कुणी म्हणत नाही. ते तोंडावर सांगणारी माणसे जिथे असतील, त्यालाच मी आता घर म्हणतो. पेठेत तशी कुणी उरली असतील तर कळवा. मी तिकीट काढतो.