बसायला घेतलेली गाडी

माझा मामा सीट शिवतो. बसच्या, टेम्पोच्या, दातांच्या डॉक्टरकडच्या खुर्चीच्या. एकदा कोर्टातल्या मोठ्या खुर्चीची पाठही त्याने नवी करून दिली होती. शहरातला जवळजवळ प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी मामाच्या टाक्यांवर बसतो. त्या माणसाला ते माहीत नसतं, मामाला असतं. त्यामुळे कुणी भेटलं की तो कशावर बसलाय हे मामा आधी बघतो, तोंडाकडे नंतर. दुकानातली दोऱ्यांची रिळं त्याने रंगाप्रमाणे नाही, ताकदीप्रमाणे लावली आहेत. सगळ्यात वरच्या फळीवरच्या काळ्या नायलॉनच्या दोऱ्याला तो 'बाप' म्हणतो. शिवण उसवली तर पैसे परत, अशी पाटी दारावर आहे. पाटीचा रंग दोनदा उडाला, पैसे परत द्यायची वेळ अजून आलेली नाही.

अशा माणसाच्या बायकोला बसता येत नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी पाण्याची बादली उचलताना मामीच्या कंबरेत काहीतरी सरकलं. उभी राहिली तर ठीक, आडवी झाली तर ठीक, बसली की कळ. डॉक्टरांनी पट्टा दिला, व्यायाम दिले आणि शेवटी "एखादी चांगली खुर्ची करून घ्या," असं सांगितलं. हे त्यांनी मामानेच शिवलेल्या खुर्चीत रेलून सांगितलं.

मामाने अकरा खुर्च्या केल्या. कडक फोमची, मऊ फोमची, काथ्याची, स्प्रिंगची, कंबरेशी उशी असलेली, नसलेली. मामी बसायची, मामा घड्याळ धरायचा, आणि ती "आई गं" म्हणून उठली की खुर्चीच्या बुडाला खडूने मिनिटं लिहायचा. सगळ्यात जास्त चौदा. मामी उभ्याने जेवायची, उभ्याने पेपर वाचायची. घरी कुणी आलं तर दाराला टेकून उभी राहायची, आणि येणाऱ्याला वाटायचं, ही बाई आपल्या जाण्याची वाट बघतेय.

मग ती गाडी आली.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक शेठ होते. त्यांच्या आवारात मामा कव्हरांची मापं घ्यायला गेला होता. डॉक्टरकडून परतताना मामी बरोबर होती. ऊन होतं, म्हणून शेठनी तिला छपराखालच्या एका काळ्या गाडीत बसवलं. साध्या माणसालाही शर्यतीत उतरल्यासारखं वाटावं अशा बेताने गाड्या करणाऱ्या एका कंपनीची ती होती. जमिनीलगत, रुंद, चमकत्या धातूचे पेडल, सीटवर लाल दोऱ्याची दुहेरी शिवण. मामा चाळीस मिनिटांनी परत आला तर मामी तिथेच.

"अगं, तू बसली आहेस!"

"मग काय करू? तुमचं काम संपेना."

"चाळीस मिनिटं झाली."

मामीने कंबरेवर हात ठेवून पाहिला, जणू ती जागेवर आहे का ते तपासत होती. "अय्या," ती म्हणाली. आणि उठली नाही.

शेठ धावत आले. "मास्तर, नजर आहे हां वहिनींची! शून्यावरून शंभरावर जायला सात सेकंद."

"कुठे जायचंय आम्हाला?" मामा म्हणाला. "सीट केवढ्याला?"

शेठना वाटलं थट्टा आहे. ती नव्हती. सीट काढून दिली तर उरलेल्या गाडीचं काय करू, लोणचं घालू का, असं शेठनी विचारलं. मामाने त्याला हरकत घेतली नाही. शेवटी त्याने टेपाने सीटचं माप घेतलं, घरी येऊन पंधरा दिवस खपून तशीच्या तशी बारावी खुर्ची केली. मामी नऊ मिनिटांत उठली. कंपनीकडे नवी सीट मागवावी तर रोख रक्कम एकदम मोजायची, आणि तेवढी घरात नव्हती. सीटसाठी कुणी कर्ज देत नाही. गाडीसाठी देतात.

"म्हणजे सीट परवडत नाही, पण सीटभोवती गाडी असेल तर परवडते," मामाने मला समजावलं. मी या वाक्यातली चूक बराच वेळ शोधली. नंतर सोडून दिलं आणि फॉर्म भरायला त्याच्याबरोबर गेले.

फायनान्स कंपनीच्या ऑफिसात एक तरतरीत मुलगी होती. मामाने बसण्याआधी तिच्या पाहुण्यांच्या खुर्चीची कड अंगठ्याने दाबून पाहिली.

"काका, गाडी कशासाठी घेताय? घरगुती की धंद्यासाठी?"

"बसण्यासाठी."

"म्हणजे फिरायला."

"नाही नाही. फिरायचं नाही. बसायचं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

"चालवणार कोण?"

"कुणी नाही."

"वर्षाला साधारण किती किलोमीटर?"

"शून्य."

तिने शून्य टाकलं. कॉम्प्युटरने ते घेतलं नाही. तिने पुन्हा टाकलं, पुन्हा नाही. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "काका, एक टाकू का? एक तरी होईल ना?"

मामाने प्रामाणिकपणे विचार केला. "शेठच्या आवारापासून घर तीन आहे. तीन टाका. पण पहिल्याच वर्षी हां."

कर्ज तत्त्वतः मंजूर झालं. फक्त कंपनीचा माणूस येऊन गाडी तपासणार, मग सह्या. तोवर मामी रोज सकाळी शेठच्या आवारात जाऊन गाडीत बसायला लागली. विणकाम नेई, पेपर नेई. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने एक अख्खा स्वेटर बसून विणला. गिऱ्हाइकं काचेतून डोकवायची. "गाडीबरोबर या येतात का?" असं एकाने विचारलं तेव्हा शेठनी हात टेकले. "मास्तर, लवकर घेऊन जा बुवा. त्या दातांच्या डॉक्टरांनी ही गाडी दोनदा पाहिली आहे. पण वहिनी हलल्याशिवाय ते आत बसणार कसे?"

त्याच आठवड्यात मामाच्या हातून ते घडलं.

मामी पाय मोकळे करायला उतरली होती. मामाने सवयीने सीटच्या पाठीवरून हात फिरवला. दाराकडच्या कडेला त्याचा अंगठा अडला. बाकीच्या सगळ्या शिवणी दणकट होत्या, आणि या एका जागी वीतभर दोरा बारीक, एकेरी, कच्चा. त्याने दोनदा बघितलं. एवढी नावाजलेली कंपनी, एवढा तोरा, आणि नेमकं जिथे मामीची पाठ टेकणार तिथे ही हयगय. उद्या उसवली तर? मामा सायकलवर दुकानात गेला, 'बाप' आणि वाकडी सुई घेऊन आला. दोऱ्याला मेण लावलं आणि सीट न उघडता, वरच्या वर, इतके सफाईदार टाके घातले की शेठ म्हणाले, "वा! फुकटात दुरुस्ती झाली."

तिसऱ्या दिवशी तपासणीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्याने इंजिन ऐकलं, चाकं पाहिली, मॅटखाली बोटं घालून गंज शोधला. मग सीटवरून तळवा फिरवताना थांबला.

"इथे कुणी हात लावलाय?"

"मी," मामा म्हणाला. शाळेत नंबर आलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. "कच्ची होती. पक्की केली. ओढून बघा. लटका हवं तर."

"काका, इथे आत एअरबॅग आहे."

"असू दे की. सुई आत जाऊच दिली नाही मी."

"तसं नाही. बाजूने धडक बसली की ती शिवण फाडून बाहेर येते. म्हणून तिथे दोरा कच्चा घालतात. ही शिवण फाटण्यासाठीच असते."

मामाने वाकून स्वतःचे टाके पुन्हा पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, "फाटण्यासाठी शिवतात?"

"हो."

"मुद्दाम?"

"मोजूनमापून. किती जोराला फाटायचं ते ठरलेलं असतं. हा शिवणीजवळचा बिल्ला दिसला नाही का तुम्हाला? लिहिलंय की त्यावर."

"दिसला ना," मामा म्हणाला. "चारही बाजूंनी छान बसवलाय."

बिल्ला कसा शिवलाय ते मामाने पाहिलं होतं. त्यावर काय लिहिलंय ते बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग त्याने वाद घातला. गाडी चालणारच नाही, तर धडक बसेल कुठून? तपासणीच्या माणसाने टॅबमधून मान वर काढली. "गाडी कुठे उभी करणार?"

"घरासमोर. रस्त्याला."

"आणि एखादा ट्रक येऊन आदळला तर? काकू आत असताना?"

मामी बाजूलाच उभी होती. तिने मामाकडे पाहिलं. मामाने शिवणीवरचा हात काढून घेतला.

तो तिथल्या तिथे उसवून द्यायला तयार होता. पण सुईची भोकं पडली होती. गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पाठीचं कव्हर नवं घातल्याशिवाय कर्ज नाही, असा शेरा पडला. आणि शेठ म्हणाले, "मास्तर, आठ दिवस. नवव्या दिवशी गाडी डॉक्टरांची."

गाडी वर्कशॉपमध्ये गेली आणि ते आठ दिवस मामी पुन्हा दाराला टेकून उभी राहिली. मामा रोज वर्कशॉपला फोन करायचा आणि कव्हर कुठवर आलंय ते विचारायचा, जणू ते पायी येत होतं. सातव्या दिवशी आलं. गिऱ्हाइकाला आत प्रवेश नव्हता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सीट शिवणारा माझा मामा काचेला नाक लावून स्वतःची सीट दुसऱ्याकडून होताना बघत उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. मी जवळ जाऊन ऐकलं तर तो "खालून धर, खालून," म्हणत होता.

जुनं कव्हर त्याने मागून घेतलं. दुकानात आल्यावर त्याने 'बाप' उसवला, आतला कंपनीचा बारीक दोरा सोडवला, त्याचे तुकडे खिळ्याला बांधले आणि एकेकाला वजनं लटकवत बसला. लहान कात्री, मोठी कात्री, इस्त्री. मोठ्या कात्रीला प्रत्येक तुकडा टिकला, इस्त्रीला प्रत्येक तुकडा तुटला. पाचही.

"एकसारखे," तो म्हणाला. "मला नाही गं जमणार असं. मला फक्त न तुटणारं येतं."

आठव्या दिवशी सह्या झाल्या. शेठचा ड्रायव्हर गाडी चालवत पुढे आणि मामा सायकलवर मागे, असे तीन किलोमीटर पार पडले. गाडी घरासमोर लागली. इंजिन बंद झालं तेव्हा ड्रायव्हरला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मामी बसली. चार मिनिटांत उठली.

"अहो, हे लाकूड आहे."

नवं कव्हर ताणून बसवलेलं होतं. चार वर्षांच्या वापराने जुन्याला जो सैलपणा आला होता, तो या कव्हरात नव्हता. कागद सही होऊन गेले होते, हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू, दारात शून्यावरून शंभरावर सात सेकंदांत जाणारी गाडी, आणि मामी फुटपाथवर उभी. मामा तिच्याकडे बघेना. मी चहा केला तो दोघांनीही उभ्याने घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्या सीटवर जाऊन बसला. कात्री, खडू, सुया, मांडीवर मोटारसायकलचं सीट. तिथेच त्याने दुकान मांडलं. गिऱ्हाइकं काच खाली करायला लावून माल आत द्यायची. शेजारच्या काकूंनी विचारलं, "दुकान हलवलंत का हो?" मामा म्हणाला, "नाही. सीट पिकवतोय." मुद्दाम जड हाताने रेलायचा, सरकायचा, पाठ घासायचा. संध्याकाळी उतरला की आपलीच कंबर धरून चालायचा, आणि मामी ओट्याशी उभ्याने भाजी चिरत म्हणायची, "आता दोघंही उभेच राहू. बरं दिसेल."

अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी सकाळी मामी तावातावाने बाहेर आली, कारण घरभर लाल-काळे दोरे येत होते. "उतरा आधी," ती म्हणाली, "काय उकिरडा केलाय आत!" मामा उतरला. ती झाडायला म्हणून आत शिरली, सीटवर टेकली, आणि पायाखालचे दोरे वेचता वेचता बोलत राहिली. गाडीचं, हप्त्यांचं, त्या अंगठ्याचं, मामाच्या आईनेही कसं वेळेवर बजावलं नव्हतं त्याचं. मामा दाराशी मान खाली घालून ऐकत होता. बोलणं हळूहळू संथ झालं. दोऱ्यांचा एक पुंजका तिच्या मुठीत तसाच राहिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अर्जावर माझा नंबर होता. फायनान्स कंपनीतली तीच तरतरीत मुलगी. ग्राहक समाधानी आहेत का ते विचारायला सगळ्यांनाच फोन करतात म्हणे. मी फोन मामाच्या कानाला लावला. तिचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता.

"काका, कशी चालतेय मग गाडी? काही तक्रार?"

मामाने झटकन हाताने फोन झाकला आणि दारापासून चार पावलं लांब गेला.

"हळू बोला ना जरा," तो म्हणाला. "तिला आत्ताच डोळा लागलाय."