धान्य कोणी आणलं

ओसोंग सियांग नदीच्या पलीकडच्या रिमी गावची. लग्न होऊन वेताच्या झुलत्या पुलावरून कोमारला आली, तेव्हा पाठीवरच्या टोपलीत स्वतः विणलेली दोन वस्त्रं, माग आणि आईनं दिलेलं आल्याचं बेणं एवढाच तिचा संसार. पण तिच्या डोक्यात आणखीही एक सामान होतं, त्याची कोमारला कुणी चौकशी केली नाही. तिचा मामा रिमीचा मिरी होता, सणासुदीला देवांची, माणसांची, जनावरांची जन्मकथा गाणारा. लहानपणापासून त्याच्या चुलीशी बसून बसून तिला त्या कथांचं अर्धंअधिक आबांग पाठ झालं होतं.

सुनेला कोण गाणी विचारतो? निंदणी किती झाली, भात कांडून झालं का, आपोंग कशी उतरली, हे विचारतात. ओसोंगची भाताची दारू जरा आंबटच उतरायची, त्यामुळे ते फार विचारलं जाई. नवरा ताकेंग अबोल होता. त्याची कसर सासू यामिक भरून काढायची.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सोलुंगच्या सणाला मिथुन, म्हणजे गव्यासारखा पाळीव बैल, कापून झाला, घरोघरी वाटे गेले आणि ऐन वेळी म्हातारा मिरी तालिंग तापानं आडवा झाला. गावचा मुखिया, गावबुढा बानो, लाल कोट घालून दारोदार फिरू लागला.

"त्याचे दात वाजतायत नुसते. तो काय गाणार? आणि पोरी नटून बसल्यात."

"आमच्या सुनेला येतं," यामिक ओट्यावरून म्हणाली. "भात कांडताना दिवसभर तेच चाललेलं असतं. आपोंग जमत नाही, पण गाणं जमतं."

अशा रीतीनं मिरीची ती खुळखुळणाऱ्या चकत्यांची तलवार ओसोंगच्या हातात आली. ती मधे उभी राहिली. भोवती मुलींनी हातात हात गुंफून फेर धरला. तिनं ओळ म्हणायची, तलवार हलवायची आणि मुलींनी शेवटचे शब्द उचलायचे. पहिल्या दिवशी मिथुनाच्या जन्माची कथा. ती नदीच्या दोन्ही काठांना सारखीच होती. आवाज खणखणीत लागला. "बरी सापडली," असं बायका म्हणाल्या. यामिकनं त्या दिवशी सुनेच्या पानात मिथुनाची कलेजी वाढली.

दुसऱ्या दिवशी धान्याची कथा. माणसं रानातली कंदमुळं उकरून खात होती. सगळं बी जमिनीखाली धान्याची देवी किने नाने हिच्या कोठारात. मग शिकारीच्या मागे धावता धावता एक कुत्रा बिळात शिरला, खाली खाली गेला आणि किने नानेच्या दाराशी भुकेनं रडू लागला. तिला दया आली. तिनं मूठभर भात त्याच्या कानात भरला आणि त्याला वर धाडलं.

"त्याच्या कानात," ओसोंगनं ओळ सोडली.

कुणीच उचलली नाही. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. पाय थांबले, हात सुटले.

"ए पोरी!" म्हातारा तागेम मागून ओरडला. "कुत्रा कुठनं काढलास? भात उंदरानं आणला. किने नानेच्या कोठारातनं, गालात भरून!"

"आमच्याकडे कुत्र्यानं आणला, आजोबा."

"मग तुमच्याकडे जाऊन गा!"

चालू फेर मधेच तुटणं यापेक्षा वाईट काही नाही. बानोनं हातापाया पडून मुलींना पुन्हा जोडलं, पुढच्या कथेपासून गाणं सुरू झालं, पण धान्याचा भाग तसाच अर्धा राहिला. तिसऱ्या दिवशी शेताशेतात किने नानेला कोंबडी, तांदळाचं पीठ, आपोंग वाहिली गेली. ओसोंगच्या शेतावरून जाणारे लोक त्या दिवशी जरा लांबून गेले.

त्या वर्षी बांबू फुलला होता. ते उन्हाळ्यातच सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि बांबूचं बी गळलं की उंदीर माजतात हेही पोरासोरांना ठाऊक होतं. पण दोष द्यायला बांबूपेक्षा सून जवळची. कापणीच्या तोंडावर उंदीर आले. रात्रीत एकेका उतारावरचं पीक साफ. कोठारांच्या खांबांवरच्या, उंदीर अडवायला बसवलेल्या लाकडी तबकड्या ओलांडूनही ते आत गेले. गावानं उंदीर भाजून खाल्ले, धुरावर वाळवले, तरी ते संपेनात. पुढं कंद उकरायची वेळ आली.

"उंदराचं श्रेय कुत्र्याला दिलं," पाणवठ्यावर तागेमची बायको म्हणाली. "मग तो आपला वाटा वसूल करणारच."

"तुझ्या कोठाराच्या तबकड्या कुजल्यात, त्या बघ आधी," यामिकनं तिला तिथंच फटकारलं. घरी आल्यावर मात्र सुनेला म्हणाली, "तुला गप्प बसता आलं नसतं का गं? एक उंदीर म्हणायला काय जात होतं?"

थंडीत ओसोंग तालिंगच्या घरी गेली. ताप उतरला होता, पण म्हातारा वाळून काटकी झाला होता. तिनं पुढ्यात धुरावलेले मासे ठेवले.

"मला इकडचं शिकवा."

तो शिकवू लागला. ती रोज कामं उरकून जाई. असं करत धान्याची कथा आली, तसं तालिंगनं चुलीतली लाकडं आत सारली.

"मी लहान होतो तेव्हाही बांबू फुलला होता," तो म्हणाला. "असेच उंदीर. माझी दोन भावंडं गेली त्यात. माझा आजा तेव्हा मिरी. तोवर इथंही कुत्राच होता. पुढच्या सोलुंगला आजानं कुत्रा काढला आणि उंदीर घातला. म्हणायचा, कुत्र्याला राग येत नाही, उंदराला येतो."

ओसोंगनं हातातला मासा खाली ठेवला.

"मग हे गावाला सांगा ना! मला घालूनपाडून बोलतात सगळे."

"सांगितलं तर आजा खोटा पडेल. तू त्यानं खरी ठरशील असं वाटतं तुला? उंदीर तर आलेच."

"खरं कोणतं मग?"

"रिमीत कुत्रा. इथं उंदीर."

ती उठून गेली. दहा-बारा दिवस तिकडे फिरकली नाही. तिला राग होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ताकेंगलाही तिनं काही सांगितलं नाही. मग एका सकाळी आल्याचे दोन गड्डे घेऊन पुन्हा गेली आणि उंदराची कथा पहिल्यापासून शिकली.

पुढच्या सोलुंगला तालिंग ठणठणीत होता, तरी त्यानं तलवार तिच्याच हाती दिली. ओसोंगनं उंदीर गायला. "गालात भरून," ती म्हणाली आणि मुलींनी ते शब्द असे उचलले की पलीकडच्या काठावर ऐकू जावेत. तागेम मांस चावत मान डोलावत होता. त्या वर्षी पीक हाती आलं.

"उंदीर खूश झाले, सूनबाई," बानो म्हणाला.

"बांबू वाळून गेला, काका," ती म्हणाली. तोवर बानो पुढच्या घरी पोचला होता.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं कोमारचा फेर तिनं चालवला. तालिंग गेला तेव्हा त्याच्या मुलांनी तलवार तिच्या घरी आणून दिली. भाची आता उंदीर गाते, हे रिमीत मामाच्या कानावर केव्हा गेलं कोण जाणे. तो थकल्याचं कळल्यावर ती पूल ओलांडून त्याला भेटायला गेली. मामानं तिला चुलीजवळ बसवलं आणि स्वतःच्या हातानं आपोंग ओतून दिली. गाण्याचा विषय त्यानं काढला नाही. तिनंही काढला नाही.

"यंदा भात कसाय तुमच्याकडं?" त्यानं विचारलं.

"बराय," ओसोंग म्हणाली. "वरच्या उताराला जरा हलका आहे. पाऊस उशिरा थांबला ना."