आधी घर, मग पिल्लू

कुत्र्याचं पिल्लू मागायला कुणी आलं की नाना दुकानाच्या गादीवरून उठत, टोपी सारखी करत, पायांत वहाणा सरकवत आणि म्हणत, "चला, पहिले घर दाखवा."

मागणारा चपापून जाई. त्याला वाटलेलं असे की पिशवीत पिल्लू घालून घरी जायचं. पण नाना बरोबर निघत. दुपारचं ऊन अंगणात कुठवर येतं, पाण्याचं भांडं कुठे राहील, हे ते बघत. आणि घरातल्या बाईला हमखास विचारत, "तुम्ही सगळे लग्नाला गावी गेलात, तर याला कोण बघेल?" या प्रश्नावर बरीच घरं अडत. नाना हात जोडत आणि रिकाम्या हातांनी परत येत.

मी तेव्हा धुळ्याच्या एका हायस्कुलात शिक्षक होतो. नानांच्या धान्याच्या दुकानामागेच आमचं भाड्याचं घर होतं. नानांचे आजोबा राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि आमच्याशी शाळेतल्यासारखी मराठी, अशा तीन भाषा ते दिवसभर बोलत. मूलबाळ नव्हतं, पत्नी लवकर गेलेली. विधवा थोरली बहीण घर सांभाळी. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे.

घर जैन, मांस-अंडी न शिवणारं. अशा घरात अल्सेशियन कुत्री आली कशी? रेल्वेतल्या एका साहेबाची बदली झाली. सामान गेलं, माणसं गेली, आणि डेझी बंगल्याच्या खांबाला बांधलेली राहिली. नाना धान्याच्या वॅगनची चौकशी करायला तिकडे गेले होते. साखळीनं तिची मान सोललेली त्यांनी पाहिली. त्या दिवशी वॅगनची चौकशी राहून गेली आणि डेझी घरी आली.

"नाव तरी आपलं ठेवा," अक्का म्हणाली.

"घर गेलं, माणसं गेली," नाना म्हणाले. "नाव तरी राहू दे तिचं."

दूधभाकरीवर डेझी काही दिवस टिकली. मग तिच्या फासळ्या दिसू लागल्या. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हिला मांस हवं, निदान अंडी तरी. त्या संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ कापसाबद्दल, पाण्याबद्दल बोलले. मग माझ्या पत्नीला म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी मला राग यायचा नाही."

तेव्हापासून डेझीचं पातेलं आमच्या परसात शिजू लागलं. नाना तिला घेऊन येत आणि ती खाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहत. खाणं झालं की तिचं तोंड स्वतःच्या हातांनी पुसत, घरी जाऊन अंघोळ करत आणि मगच जेवायला बसत. अक्कानं तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. समाजातले लोकही समजवायला आले. मी एकदा म्हणालो, "नाना, तुम्हाला हे फार जड जातं."

"जातं," ते म्हणाले. "पण मास्तर, व्रत माझं आहे. तिनं कुठे घेतलंय?"

डेझी सुधारली, तुकतुकीत झाली. पिल्लांसाठी लोक मागे लागले. अल्सेशियन दारात असणं ही तेव्हा मोठी ऐट होती. एका गिरणीतल्या अधिकाऱ्याकडे तसाच देखणा नर होता. नानांनी पुष्कळ विचार करून एकदाच जोड लावली. पिल्लं झाली तेव्हा दुकान नोकरावर सोडून ते गोणपाटावर तिच्याजवळ बसून राहिले. पिल्लांचं दूध पुरतं तुटल्याशिवाय एकही त्यांनी हलू दिलं नाही. मग घरं पाहून, माणसं पाहून ती दिली. एक पिंपळनेरकडच्या शेतकऱ्याला, एक जळगावच्या एका कापूस व्यापाऱ्याला, बाकीची गावातच.

वर्ष उलटलं असेल. पिंपळनेरचा तो शेतकरी एसटीनं आला आणि दुकानाच्या पायरीवर बसला.

"नाना, मांगना पाय धरतस नही त्याना. उठाले जास नि बसी जास."

कुत्र्याचे मागचे पाय भार धरत नाहीत, हे गुरांच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नर कुठला होता?" नाना गिरणीत गेले. अधिकारी सहज बोलून गेला, "त्याच रेल्वेच्या साहेबांनी दिला होता. तुमच्या डेझीच्याच पाठचा."

सख्खा भाऊ. अशा जोडीतून रक्तातले दोष वर येतात, असं डॉक्टर म्हणाले. परतताना नाना आमच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "घरं बघत फिरलो, मास्तर. घराणं बघितलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक दारी गेले. चूक माझी आहे, पिल्लू नको असेल तर परत द्या, ठेवणार असाल तर त्याची पुढे पैदास करू नका, एवढंच ते सांगत. सांगताना हात जोडलेले असत. गावातला मोठा व्यापारी असा दारोदार आपली चूक सांगत फिरताना मी दुसरा पाहिलेला नाही. काही हसले. काहींना राग आला. पिंपळनेरच्या शेतकऱ्याकडे आम्ही दोघं गेलो तेव्हा तो बांधावर होता आणि कुत्रा त्याच्या सावलीत पडलेला होता. नाना म्हणाले, "मी घेऊन जातो याला."

"जीव शे तो, नाना," शेतकरी म्हणाला. "आमना घरनाच शे आते. तुम्ही कोठे ली जातस?"

नाना त्याच्या पाया पडायला वाकले. त्यानं घाईनं त्यांना धरलं.

जळगावचा व्यापारी मात्र भेटायलाच तयार नव्हता. निरोप गेले, नाना स्वतः जाऊन आले. शेठ कधी बाहेरगावी, कधी देवपूजेत. शेवटी मे महिन्यात नाना मला बरोबर घेऊन गेले. या वेळी शेठ घराखालच्या पेढीवरच सापडले.

"अहो, जातिवंत कुत्रा आहे," ते म्हणाले. "चार लोकांनी पिल्लं सांगून ठेवलीत. थोडा लंगडतो, त्यात काय?"

"आहे कुठे तो?" नानांनी विचारलं.

नोकरानं वर बोट दाखवलं.

गच्चीवर पाऊल ठेवलं तर वहाणेतूनही चटका बसत होता. पाण्याच्या टाकीच्या वीतभर सावलीत तोंड खुपसून कुत्रा पडला होता. भांडं कोरडं होतं. उठता येत नसल्यानं कमरेखालची कातडी घासून लाल झाली होती. आम्हाला बघून त्यानं शेपूट हलवलं. नाना तसेच तापलेल्या फरशीवर बसले. तोटीखाली ओंजळ धरून त्यांनी त्याला पाणी पाजलं, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, आता ते शेठना चार शब्द सुनावतील. ते फक्त म्हणाले, "पिल्लू देण्याआधी घर बघायला आलो, तेव्हा अंगणात कडुनिंब दाखवला होता तुम्ही."

"तो पाडला. गोदाम वाढवलं," शेठ म्हणाले. त्यांची नजर खाली होती. साखळी त्यांनी स्वतःच सोडली.

एसटीत कंडक्टर घेईना. नशिराबादकडून केळी भरून आलेला एक ट्रक धुळ्याकडे निघाला होता. ड्रायव्हरनं मला पुढे बसवलं. नाना मागे केळीच्या पाल्यावर बसले, पांढऱ्या धोतरात, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा ते खालीही उतरले नाहीत.

पुढची दोनेक वर्षं गल्लीनं रोज सकाळी एकच दृश्य पाहिलं. नाना उपरण्याचा झोळ कुत्र्याच्या पोटाखालून घालून त्याचा मागचा भार उचलून धरत आणि तो पुढच्या पायांनी चाले. गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत जायला आणि यायला बराच वेळ लागे. सुरुवातीला पोरं नकला करत. मग सायकलवाले उतरून बाजूला उभे राहू लागले. अक्कानं एकदा काही न बोलता जुन्या लुगड्याची घडी शिवून त्या झोळात घातली, त्याला काचू नये म्हणून. त्या दिवसापासून बहीणभाऊ पुन्हा बोलायला लागले.

तो कुत्रा गेला, तेव्हा नानांचा हात त्याच्या कानामागे होता. पुढे डेझीही वय होऊन गेली. नानांनी दुसरं कुत्रं आणलं नाही. लोकांना वाटलं, हौस फिटली. मला तसं कधी वाटलं नाही, आणि का ते सांगतो.

नाना गेले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांचा एक मित्र करंडीत अल्सेशियनचं पिल्लू घेऊन आला. नानांना दम लागायचा, ते बाजेवरच असत. त्यांनी आधी विचारलं, "आईबाप कुठले याचे?" मित्रानं दोन्ही बाजूंची सगळी माहिती सांगितली. नानांनी मान डोलावली आणि पिल्लू मांडीवर घेतलं. ते झोपलं. दुपारभर नाना हलले नाहीत. अक्कानं दोनदा चहा आणला, दोनदा तो निवला. पिल्लू जागं झालं तेव्हा त्यांनी ते उचलून मित्राच्या हातात दिलं.

"हे मोठं होईल तेव्हा मी नसेन. जाणूनबुजून कसं ठेवून घेऊ?"

करंडी गेली. संध्याकाळची थंडी पडायला लागली होती. धोतरावर पिल्लाचे बारीक तपकिरी केस चिकटले होते. अक्का ते झटकायला पुढे झाली, तर नानांनी तिचा हात धरला.

"असू दे गं थोडा वेळ," ते म्हणाले.