बाल्कांवातलं जेवण

गेल्या बुधवारी डिचोलीत भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला... भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते.

आमची संस्था शहरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवते. नियम मीच केलेला... बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, कालचा डबा धुतलेला दिसला की माणूस बरा आहे असं समजायचं, नवा ठेवायचा आणि सुटायचं. हाका मारत बसलं की गप्पा रंगतात आणि पुढच्यांचा भात थंड होतो. या हुशारीवर मी भलतीच खूष होते.

बुधवारी डबे पोचवणारा आजारी, म्हणून मीच स्कूटर काढली. शालनआजींकडे डबा जागेवर पालथा, लखलखीत... अजून पाणी गळत होतं. नवा ठेवून वळणार, एवढ्यात खिडकीकडे लक्ष गेलं.

पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे गजांतून हात घालून पावाची पिशवी आत अडकवतो. तिथे तीन पिशव्या होत्या. एकीला मुंग्या लागलेल्या...

आजींचा चहा पावाशिवाय होत नाही. मग तीन दिवसांचे पाव तसेच, आणि डबा मात्र आत्ता धुतलेला? दाराला आतून कडी. हाक मारली. गल्लीत चिटपाखरू नाही. मग आतून आवाज आला... टक... टक... जमिनीवर वाटी आपटल्यासारखा.

देवा रे! मी धावतच सुटले. जवळच्या गॅरेजातल्या दोघांनी दार तोडलं. आजी खाटेशेजारी पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं. रविवारी रात्री डबा धुऊन बाहेर ठेवला, आत आल्या आणि पडल्या. हाताशी पाण्याची बाटली होती म्हणून जीव राहिला.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. पुटपुटत होत्या... "बाय, दुपारी कोणीतरी बाल्कांवात बसून जेवायचं. मी हाका मारत होते... ते आपलं जेवतच राहायचं."

मी वळून बाल्कांवाकडे बघितलं.

बाहेर गर्दी जमली होती. तिच्यातून समोरच्या घरातली सावित्रीमावशी पुढे आली. मूळची सावंतवाडीकडची, कानांनी ठार बहिरी. "बाय गो, माका वाटला ती चेडवाकडे, लेकीकडे गेली. अन्न फुकट जाईत म्हणान मिया खाल्लंय... अर्धा दुपारी, अर्धा सकाळी. डबो धुवन ठेवलंय."

तिला चांगली फैलावर घ्यायला मी तोंड उघडलं, आणि आठवलं... मावशीने डब्यासाठी अर्ज केला होता. मुलगा ट्रकवर, आठ-आठ दिवस घरी फिरकत नाही. तरी 'घरात कमावता मुलगा, पात्र नाही' असा शेरा मारून सही मीच ठोकली होती.

शालनआजींचं ऑपरेशन झालं, आता बऱ्या आहेत. लोक फोन करून माझं कौतुक करताहेत... कृपा करून करू नका, मला लाज वाटते. आता आम्ही माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय डबा ठेवत नाही.

काल मावशीला तिच्या हक्काचा पहिला डबा द्यायला मी स्वतः गेले. तिने तो मांडीवर घेतला, पण उघडेना. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "ती जेवली काय गो?"

आमच्या एकाही फॉर्मात हा प्रश्न नाही...