उन्हात वाळत घातलेली लाँच

आमच्या धरणावरची सागवानी मोटारलाँच मीच मारली. तिला वाचवा म्हणून अर्ज करकरून मारली.

धरण झालं तेव्हा साहेबलोकांना पाण्यावर फिरायला म्हणून ती कोकणातून ट्रकवर आली होती. बाबा तिचे ड्रायव्हर. फळ्यांच्या फटींत तेलात मळलेला कापूस ठासणं आणि इंजिनाची मनधरणी करणं, यातच त्यांची नोकरी सरली. ते रिटायर झाल्यावर ती काठाला बांधून पडली. अर्धी पाण्यात, शेवाळलेली, पण धड. मला काय दुर्बुद्धी सुचली! 'जुना ठेवा जतन करा' म्हणून दोन वर्षं कचेरीत खेटे घातले.

केलं जतन. ऐन चैत्रात क्रेननं उचलून बागेतल्या सिमेंटच्या ओट्यावर ठेवली. डोक्यावर साधा पत्रा नाही, अंगावर निळा ऑइलपेंट. मी गाढवानं शेलूबाजारात पेढे वाटले.

मे महिन्यात बाबांना मोटारसायकलवर बसवून दाखवायला नेलं. फळ्यांमधून पलीकडचं ऊन दिसत होतं. बाबांनी एका फटीत करंगळी घातली, ती पेरभर आत गेली.

"उन्हाळ्यात बंडीचं चाक पाण्यात कायले टाकतो रे आपन?" त्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की लाकूड वाळलं की आक्रसतं, बैलबंडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटते, म्हणून चाक भिजत घालायचं. अर्ज करणारा मी, मंजूर करणारा साहेब, बसवणारा ठेकेदार, सगळे बंडीत बसून वाढलेले. एकालाही आठवलं नाही.

बाबा तडक साहेबाकडे गेले. "बुडवा तिले. पंधरा दिवस पान्याखाली राहू द्या. फळ्या फुगतीन, फटी मिटतीन. अजून वाचते ते."

"काका, सरकारी मालमत्ता बुडवायचा आदेश काढू मी? लोक काय म्हणतील?" साहेब हसला.

त्याची गचांडी धरावीशी वाटली. धरली नाही. घरी येऊन पुन्हा अर्जच लिहिला, 'फटी पडल्या आहेत, तातडीने लक्ष द्यावे.'

या वेळी आठच दिवसांत लक्ष दिलं. सगळ्या फटी सिमेंटनं बुजवल्या! आता पाण्यात टाकली तरी फळ्यांना फुगायला जागा नाही, तडकतीलच.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. ताट सरकवून म्हणाले, "मी मेल्यावर माह्यं काही जतनबितन करू नोको."